दर्शनी भाग आणि अंतर्भाग : सॉफ्टवेअर रचनेतील एका वास्तुरूपकाचा इतिहास

बीजसंज्ञा : वास्तुरूपक, फसाड, आकृतिबंध, माहितीगोपन, ख्रिस्तोफर अलेक्झांडर, प्रणालीची गुंतागुंत

प्रस्तावना

कोणत्याही विद्याशाखेचा इतिहास लिहिताना तिच्यातील शोधांची आणि शोधकर्त्यांची नोंद घेतली जाते. ती शाखा कोणत्या रूपकांच्या आधारे विचार करते, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. संगणकशास्त्र ही तुलनेने तरुण विद्याशाखा आहे. स्वतःची परिभाषा सावकाश घडवण्याइतका अवधी तिला मिळाला नाही. त्यामुळे तिने शेजारच्या क्षेत्रांकडून शब्द उसने घेतले. 'फाइल' आणि 'फोल्डर' कचेरीतून आले, 'व्हायरस' जीवशास्त्रातून आला आणि 'आर्किटेक्चर' हा शब्द वास्तुशास्त्रातून आला. उसना घेतलेला शब्द रिकाम्या हाताने येत नाही. तो आपल्याबरोबर मूळ घरातील काही अर्थ, काही सवयी आणि काही पूर्वग्रहही घेऊन येतो.

प्रस्तुत निबंधात अशाच एका उसन्या शब्दाचा मागोवा घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'फसाड'. इमारतीचा रस्त्याकडे तोंड असलेला दर्शनी भाग हा त्याचा मूळ अर्थ. फ्रेंच भाषेतील या शब्दाचे मूळ इटालियन 'फाच्चाता' या शब्दात असून त्याच्या मुळाशी 'फाच्चा' म्हणजे चेहरा हा शब्द आहे. १९९४ साली हाच शब्द सॉफ्टवेअर रचनेतील एका आकृतिबंधाचे नाव झाला. अनेक घटकांच्या गुंतागुंतीच्या उपप्रणालीपुढे एकच सोपा दर्शनी घटक उभा करावा आणि वापरणाऱ्याने त्याच्याशीच व्यवहार करावा, असे हा आकृतिबंध सांगतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही व्याख्या दोन ओळींत लिहिता येते. परंतु या दोन ओळींच्या मागे तीस वर्षांचा विचारव्यवहार आहे आणि त्यात गुजरातमधील एक खेडेही येते. तो समजून घेतल्याशिवाय या रूपकाचे बळ आणि त्याचा धोका या दोन्ही गोष्टी ध्यानात येणार नाहीत, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

दर्शनी भागाचा मूळ संदर्भ

रूपकाकडे वळण्यापूर्वी मूळ वस्तूकडे पाहणे आवश्यक आहे. इटलीतील फ्लोरेन्स हे शहर या दृष्टीने विशेष बोलके आहे. तेथील सान्ता मारिया नोव्हेल्ला हे चर्च मध्ययुगात बांधले गेले. दर्शनी भागाचा खालचा काही अंश तेव्हाच झाला होता, पण वरचा भाग अपुरा राहिला. पुढे जोव्हान्नी रुचेल्लाई या धनिकाच्या आश्रयाने लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने तो पूर्ण केला. त्यावर १४७० हे वर्ष कोरलेले आहे. या चर्चचा मधला दालनभाग उंच, तर दोन्ही बाजूंच्या पडव्या ठेंगण्या आहेत. उंचीतील हा फरक समोरून ओबडधोबड दिसला असता. अल्बेर्तीने दोन्ही बाजूंना मोठ्या वळणदार नक्षीच्या भिंती उभारून तो सांधा झाकला. समोर उभ्या असलेल्या माणसाला एक सुसंगत भौमितिक आकृती दिसते. तिच्यामागची छपरांची चढउतार त्याला दिसत नाही.

याच शहरातील सान लोरेन्झो चर्चची कथा याच्या उलट आहे. ब्रुनेलेस्कीच्या आराखड्यानुसार झालेल्या या चर्चच्या दर्शनी भागाचे काम पोप दहावा लिओ याने मायकेलअँजेलोकडे सोपवले. १५१८ साली करार झाला आणि १५२० साली तो रद्दही झाला. आजही त्या चर्चचे तोंड ओबडधोबड दगडांचेच आहे, परंतु आतील उपासनेत त्यामुळे काहीही उणे पडलेले नाही. फ्लोरेन्सच्या मुख्य कॅथेड्रलचा जुना अपुरा दर्शनी भाग १५८७ साली उतरवण्यात आला आणि आजचा संगमरवरी दर्शनी भाग १८८७ साली पूर्ण झाला. मधली तीनशे वर्षे ती भव्य वास्तू चेहऱ्यावाचून उभी होती.

या तीन उदाहरणांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. दर्शनी भाग अंतर्भागापासून वेगळा काढता येतो. तो नंतर बसवता येतो किंवा बदलता येतो. आणि आतील विसंगती झाकण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असते. सॉफ्टवेअरने पुढे हे रूपक स्वीकारले तेव्हा पहिल्या दोन गोष्टी त्याने गुण म्हणून स्वीकारल्या. तिसरी गोष्ट मात्र न बोलावता आली.

संगणकाचे 'आर्किटेक्चर' : १९६२ ते १९७५

संगणकाच्या संदर्भात 'आर्किटेक्चर' हा शब्द रुळवण्याचे श्रेय प्रामुख्याने आयबीएम कंपनीतील अभियंत्यांकडे जाते. 'स्ट्रेच' या संगणकाच्या नियोजनाविषयी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी या शब्दाचा उपयोग केला. इमारतीचा वास्तुविशारद जसा वापरणाऱ्याच्या गरजा जाणून रचना ठरवतो, तसेच संगणकाच्या रचनेबाबत व्हावे, असा त्यामागील विचार होता. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' या संगणकमालिकेची घोषणा केली. किंमत आणि वेग यांत मोठे अंतर असलेल्या निरनिराळ्या यंत्रांना एकच आज्ञासंच समजावा, ही या मालिकेमागील कल्पना होती. त्याच वर्षी जीन अमडाल, गेरिट ब्लाऊ आणि ब्रूक्स यांनी लिहिलेल्या निबंधात 'आर्किटेक्चर' या शब्दाला काटेकोर अर्थ मिळाला. आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रणालीचे जे गुणधर्म दिसतात, ते तिचे आर्किटेक्चर. आतील तारांची जोडणी, विद्युत्प्रवाहाचे नियंत्रण, सुट्या भागांची मांडणी या बाबी त्यातून वगळल्या गेल्या.

इमारतीच्या वास्तुरचनेत पाया, खांब, भिंती आणि छप्पर हे सारे येते. संगणकाच्या क्षेत्रात मात्र या शब्दाचा अर्थ आरंभापासूनच 'बाहेरून दिसणारे रूप' असा संकोच पावला. ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात ब्लाऊ यांच्या आधाराने घड्याळाचे उदाहरण दिले आहे. तबकडी, काटे आणि चावी हे घड्याळाचे आर्किटेक्चर होय. ते एकदा शिकलेले मूल मनगटी घड्याळावरही वेळ सांगू शकते आणि मनोऱ्यावरील घड्याळावरही. आतील यंत्रणा कोणती आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. 'फसाड' हा शब्द अद्याप आलेला नव्हता, पण तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहराच. या अर्थाने दर्शनी भागाची कल्पना शब्दाच्या आधीच दाखल झालेली होती.

याच ग्रंथात ब्रूक्स यांनी फ्रान्समधील ऱ्हँस येथील कॅथेड्रलचा दाखला दिला. १२११ साली आरंभ झालेल्या या वास्तूवर कारागिरांच्या अनेक पिढ्या खपल्या. तरीही प्रत्येक पिढीने आपली स्वतंत्र हौस बाजूला ठेवून मूळ आराखड्याचा मान राखला आणि त्यामुळे त्या वास्तूला एकात्मता लाभली. मोठ्या सॉफ्टवेअरलाही अशीच संकल्पनात्मक एकात्मता हवी आणि ती थोड्या मनांतूनच येऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष अनुभवातून आला होता. 'ओएस ३६०' या प्रचंड कार्यप्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी स्वतः केले होते. ती प्रणाली उशिरा पूर्ण झाली आणि तिचा खर्चही अंदाजापलीकडे गेला. मोठ्या प्रणालीत माणसांची भर घातल्याने काम सोपे होत नाही, उलट परस्परांना समजावून सांगण्याचा भार वाढतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

गार्मिश, अलेक्झांडर आणि बावरा

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयी परिषद भरवली. सॉफ्टवेअरची वाढती गुंतागुंत हाताबाहेर चालली आहे, ही चिंता या परिषदेच्या केंद्रस्थानी होती. तेथील चर्चेत डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी एक महत्त्वाची सूचना केली. सॉफ्टवेअरचे रचनाकार हे वास्तुविशारद आणि स्थापत्य अभियंते यांच्यासारख्याच स्थितीत आहेत, म्हणून कल्पनांसाठी त्या क्षेत्रांकडे वळणे स्वाभाविक होय, असे सांगून त्यांनी एका पुस्तकाचा निर्देश केला. ते पुस्तक म्हणजे ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म'.

१९३६ साली व्हिएन्ना येथे जन्मलेल्या अलेक्झांडर यांनी केंब्रिज येथे गणित आणि वास्तुशास्त्र यांचे शिक्षण घेतले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी केलेले संशोधन १९६४ साली उपर्युक्त पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या परिशिष्टात आलेले सविस्तर उदाहरण गुजरातमधील बावरा या खेड्याचे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अलेक्झांडर यांनी तेथे काही काळ मुक्काम केला होता. खेड्याच्या जीवनातून त्यांनी १४१ गरजांची यादी तयार केली. जातिव्यवस्था, गुरेढोरे, पाणी, शेती, दळणवळण असे नाना विषय त्या यादीत होते. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे ठरवून, परस्परांत घट्ट गुंतलेल्या गरजांचे गट पाडणे, ही त्यांची पद्धत. एका गटातील गरजा एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात, पण दोन गटांमधील गुंता शक्य तितका कमी असावा. या १४१ गरजांचे १२ लहान गट झाले, त्यांचे पुढे ४ मोठे गट आणि त्यांचे मिळून एक खेडे. असे विभाजन करण्यासाठी मार्व्हिन मॅनहाइम यांच्यासमवेत त्यांनी १९६२ साली 'हायडेक्स २' ही संगणक आज्ञावलीही तयार केली होती.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. संगणकशास्त्राने वास्तुशास्त्राकडून रूपक उसने घेतले असे आपण म्हणतो. परंतु ज्या वास्तुविशारदाकडून ते घेतले, तो त्याआधीच संगणकाचा आधार घेऊन खेड्याचा विचार करत होता. म्हणजे ही उसनवारी दोन्ही बाजूंनी होती.

अलेक्झांडर स्वतः मात्र या पद्धतीवर समाधानी राहिले नाहीत. १९६५ सालच्या 'अ सिटी इज नॉट अ ट्री' या प्रसिद्ध लेखात त्यांनी शहराची रचना वृक्षाच्या फांद्यांसारखी काटेकोर विभागलेली नसते, असे प्रतिपादन केले. जिवंत शहरात गट एकमेकांवर आच्छादलेले असतात. एकच चौक बाजाराचाही असतो, मुलांच्या खेळाचाही आणि वृद्धांच्या गप्पांचाही. नियोजनकर्त्यांनी आखलेल्या ज्या शहरांवर त्यांनी वृक्षरचनेचा आक्षेप घेतला, त्यांत ल कॉर्ब्युझिए यांचे चंदीगढही होते. नाउर यांनी १९६८ साली ज्या पुस्तकाची शिफारस केली, त्यातील नीटनेटक्या विभाजनाविषयी त्याच्या लेखकाच्याच मनात तोवर शंका उत्पन्न झाल्या होत्या. सॉफ्टवेअरच्या जगाने पुस्तक घेतले, शंका घेतली नाही.

लपवण्याचे शास्त्र

गुंतागुंत कमी करण्याच्या प्रयत्नांत पुढचा निर्णायक टप्पा १९७२ साली आला. डेव्हिड पार्नास यांनी प्रणालीचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत, हा प्रश्न एका निबंधात उपस्थित केला. त्यांनी शब्दसूची तयार करणारी एक छोटी आज्ञावली उदाहरणादाखल घेतली आणि तिचे दोन प्रकारे विभाजन करून दाखवले. पहिल्या प्रकारात कामाच्या पायऱ्यांनुसार भाग पाडले : आधी वाचणे, मग फिरवणे, मग क्रम लावणे, मग छापणे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भागाकडे बदलू शकेल असा एकेक रचनानिर्णय सोपवला आणि तो इतर भागांपासून लपवला. माहिती साठवण्याची पद्धत बदलली तर पहिल्या रचनेत जवळजवळ सर्वच भागांना हात लावावा लागतो, दुसऱ्या रचनेत एकाच भागाला. याच तत्त्वाला पुढे 'माहितीगोपन' हे नाव रूढ झाले.

पार्नास यांचे गोपन कशासाठी होते हे नीट पाहिले पाहिजे. त्यांना अज्ञान पसरवायचे नव्हते. उद्या होणाऱ्या बदलाचा धक्का दूरवर पोहोचू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. घरातील नळ बदलताना शेजाऱ्याची भिंत फोडावी लागू नये, इतका साधा हा विचार आहे. मात्र 'लपवणे' ही क्रिया एकदा सद्गुण ठरली, की काय लपवावे आणि कोणापासून, हा प्रश्न मागे पडण्याचा संभव असतो.

आकृतिबंध आणि 'फसाड' : १९७७ ते १९९४

१९७७ साली अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी यांचा 'अ पॅटर्न लँग्वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात प्रदेश, नगर, घर येथपासून खिडकीपर्यंतचे २५३ आकृतिबंध क्रमाने मांडले आहेत. वारंवार उद्भवणारी समस्या, तिच्यामागील परस्परविरोधी गरजा आणि त्यांचा मेळ घालणारी रचना, असे प्रत्येक आकृतिबंधाचे स्वरूप आहे. सामान्य माणसाला आपले घर आणि आपली वस्ती स्वतः घडवता यावी, हा या ग्रंथाचा उद्देश होता.

१९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना सॉफ्टवेअरकडे आणली. 'स्मॉलटॉक' या भाषेत खिडक्यांची रचना करण्यासाठी त्यांनी पाच आकृतिबंधांची एक छोटी भाषा तयार केली आणि तिचा वृत्तांत 'ऊप्सला' या परिषदेत मांडला. प्रणाली वापरणाऱ्यांनीच तिच्या रचनेत भाग घ्यावा, हा अलेक्झांडर यांचा आग्रह त्यांच्या प्रयोगात शिल्लक होता. पुढे १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हिलिसाइड्स यांचा 'डिझाइन पॅटर्न्स' हा ग्रंथ आला. त्यात २३ आकृतिबंध आहेत. निर्मितीविषयक ५, संरचनात्मक ७ आणि वर्तनविषयक ११ अशी त्यांची विभागणी आहे. 'फसाड' हा संरचनात्मक गटातील आकृतिबंध होय.

ग्रंथातील 'फसाड'चे उदाहरण अनुवादक प्रणालीचे, म्हणजे कंपायलरचे आहे. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला समजेल अशा रूपात आणण्यासाठी अनेक घटक राबत असतात. एक घटक मजकुराचे शब्द पाडतो, दुसरा त्यांचे व्याकरण तपासतो, तिसरा वाक्यरचनेचा वृक्ष उभारतो, चौथा त्यावरून यंत्रसंकेत निर्माण करतो. बहुसंख्य वापरकर्त्यांना या घटकांशी काही कर्तव्य नसते. त्यांना केवळ 'भाषांतर कर' एवढेच सांगायचे असते. म्हणून या साऱ्यांच्या पुढे 'कंपायलर' नावाचा एकच घटक उभा केला जातो. तो विनंती घेतो, आतील घटकांना योग्य क्रमाने कामाला लावतो आणि फलित परत देतो.

या वर्णनातील एक अट अभ्यासकांच्या नजरेतून वारंवार निसटते. ज्या थोड्या वापरकर्त्यांना अधिक नियंत्रण हवे असेल, त्यांना 'फसाड' ओलांडून आतील घटकांशी थेट व्यवहार करता येतो. 'फसाड' त्यांची वाट अडवत नाही, असे मूळ ग्रंथकारांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे हा दर्शनी भाग सोय आहे, मज्जाव नाही. परीक्षेतील दोन ओळींच्या व्याख्येत पहिला भाग येतो आणि हा दुसरा भाग गळतो.

चेहरा की प्रवेश?

येथे रूपकाचीच तपासणी करणे अगत्याचे ठरते. इमारतीचा दर्शनी भाग पाहिला जातो. त्याच्याशी कोणी व्यवहार करत नाही. सॉफ्टवेअरमधील 'फसाड' मात्र पाहण्यासाठी नसतो. तो विनंती स्वीकारतो, ती कोणाकडे पाठवायची ते ठरवतो आणि उत्तर आणून देतो. हे काम चेहऱ्याचे नसून प्रवेशद्वाराचे आहे. मराठीत यासाठी 'देवडी' हा जुना आणि नेमका शब्द आहे. वाड्याच्या देवडीवर आलेल्या माणसाची चौकशी होते, त्याची वर्दी आत पोहोचते, निरोप बाहेर येतो. तरीही ज्याचे आत जाण्याचे काम आहे त्याला देवडी ओलांडून आत जाता येते. ग्रंथकारांनी सांगितलेली अट 'दर्शनी भाग' या शब्दात बसत नाही, 'देवडी' या शब्दात ती सहज बसते.

विशेष म्हणजे अलेक्झांडर यांच्या २५३ आकृतिबंधांत 'फसाड' नावाचा आकृतिबंध नाही. त्यांच्या ग्रंथात मुख्य प्रवेशद्वार आहे (क्रमांक ११०) आणि रस्त्यावरून घरात येताना लागणारी संक्रमणाची जागाही आहे (क्रमांक ११२). रस्त्यावरचा माणूस क्षणात घरातला होत नाही. मधे एखादी पायरी, प्रकाशातील बदल, पायाखालच्या फरशीतील फरक हवा, तरच घरात आल्याची भावना होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांचे लक्ष घराच्या तोंडावळ्यापेक्षा आत येणाऱ्या माणसाकडे अधिक होते.

१९९६ साली 'ऊप्सला' परिषदेने अलेक्झांडर यांना सॅन होजे येथे भाषणासाठी निमंत्रित केले. आपल्या कल्पनांना संगणकक्षेत्रात मिळालेल्या प्रतिसादाबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला, पण एक अवघड प्रश्नही विचारला. आकृतिबंध ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी अनुभव परस्परांना सांगण्याचे सोयीचे साधन म्हणून घेतली. आपल्या मते मात्र तिला एक नैतिक अंगही होते. या रचनेमुळे माणसाचे जीवन खरोखर अधिक चांगले होते काय, ही कसोटी तुमच्या आकृतिबंधांना लागू आहे काय, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता. परिषदेच्या इतिहासात हे भाषण संस्मरणीय ठरले. परंतु पाठ्यपुस्तकांत त्या प्रश्नाला फारशी जागा मिळाली नाही.

गळती आणि भिंत

दर्शनी घटकाने आतील गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती फक्त दृष्टीआड होते. २००२ साली जोएल स्पोल्स्की यांनी ही गोष्ट 'गळक्या अमूर्तीकरणाचा नियम' या नावाने मांडली. थोडीफारही गुंतागुंत असलेले प्रत्येक अमूर्तीकरण कोठे ना कोठे गळतेच, असे त्यांचे म्हणणे. कौले कितीही नीट शाकारली, तरी छप्पर कोठे गळते ते पहिला पाऊसच सांगतो. अशा वेळी वर चढून पाहण्याची सोय असेल तर दुरुस्ती होते. ती नसेल तर घरातील माणसालाच सांडलेल्या पाण्याबद्दल दोषी धरले जाण्याची भीती असते.

ही भीती केवळ काल्पनिक नाही. ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये 'होरायझन' ही लेखाप्रणाली बसवली. शाखा चालवणाऱ्या उपडाकपालांना पडद्यावर दिवसअखेरची शिल्लक दिसे. अनेक ठिकाणी पडद्यावरील आकडा आणि पेटीतील रोकड यांत तफावत येऊ लागली. तूट भरून देणे करारानुसार उपडाकपालांवर बंधनकारक मानले गेले. तूट कशी निर्माण झाली हे शोधण्यासाठी प्रणालीच्या आत पाहण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. दुसरीकडे, प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दुरून शाखांच्या हिशोबांत हस्तक्षेप करता येत होता आणि ही गोष्ट दीर्घकाळ नाकारली गेली. संगणक योग्य रीतीने चालत आहे असे गृहीत धरण्याची न्यायालयीन प्रथाही आरोपींच्या विरोधात गेली. १९९९ ते २०१५ या काळात चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक व्यक्ती दोषी ठरल्या. काहींना तुरुंगवास घडला, अनेकांची घरे आणि अब्रू गेली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे हिशोबात तफावत येऊ शकत होती, असा निर्णय दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली आणि २०२४ साली संसदेने कायदा करून उरलेल्या बहुसंख्य दोषसिद्धी रद्द ठरवल्या.

'होरायझन' हे 'फसाड' या तांत्रिक आकृतिबंधाचे उदाहरण आहे, असे येथे म्हणायचे नाही. तिच्यातील दोष निराळ्या स्वरूपाचे होते आणि अन्यायाची मुख्य जबाबदारी संस्थांच्या वर्तनावर येते. परंतु दर्शनी भागाच्या रूपकात जो धोका सुप्त आहे, तो या प्रकरणात उघड झाला. पडद्यावरचा आकडा सुबक आणि निःसंदिग्ध होता. त्यामागे काय चालले आहे हे पाहण्याचा अधिकार मात्र ज्याच्यावर त्या आकड्याचा परिणाम होत होता त्याला नव्हता. सोयीसाठी उभारलेल्या देवडीचे येथे भिंतीत रूपांतर झाले. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपल्याकडची म्हण दर्शनी रूपाविषयीच्या याच लोकानुभवातून आली असावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) संगणकक्षेत्रात 'आर्किटेक्चर' या शब्दाचा अर्थ १९६४ पासूनच बाहेरून दिसणाऱ्या गुणधर्मांपुरता मर्यादित झाला होता. 'फसाड' हे नाव ३० वर्षांनी आले, तरी त्याची पूर्वपीठिका या अर्थसंकोचात आहे.

२) वास्तुशास्त्रातून आलेल्या कल्पनांचा स्वीकार निवडक होता. अलेक्झांडर यांची विभाजनाची पद्धत आणि आकृतिबंधांचे स्वरूप स्वीकारले गेले. विभाजनाविषयीची त्यांची शंका आणि रचनेची मानवी कसोटी मागे राहिली.

३) मूळ ग्रंथातील 'फसाड' आतील भागाकडे जाण्याची वाट मोकळी ठेवतो. अध्यापनात ही अट वगळली गेल्यास सुलभीकरण आणि दडवणूक यांतील भेद पुसला जातो.

समारोप

ब्रूक्स आणि अलेक्झांडर या दोघांचेही २०२२ साली निधन झाले. एकाने संगणकाला वास्तुरचनेची भाषा दिली, दुसऱ्याने त्या भाषेला तिच्या मूळ प्रश्नाची आठवण करून दिली. आज शिष्यवृत्तीपासून शिधापत्रिकेपर्यंतचे नागरिकांचे अनेक व्यवहार कोणत्या ना कोणत्या पडद्यामार्फत होतात. उद्या त्या पडद्यामागील प्रणाली लिहिणारे तरुण आज आपल्याच वर्गांत बसलेले आहेत. त्यांना आकृतिबंधाची व्याख्या शिकवण्याचे काम संगणकशास्त्राचा प्राध्यापक करतोच. त्या व्याख्येमागील इतिहास शिकवण्यात इतिहासाच्या, भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनीही सहभागी व्हावे, असे सुचवावेसे वाटते. गुंतागुंतीच्या प्रणालीपुढे सोपे दार उभारणे हे चांगल्या रचनाकाराचे लक्षण आहे. ते दार आतूनही आणि बाहेरूनही उघडते ना, हे तपासण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर या रूपकाचा अभ्यास सार्थकी लागेल.